मोगलाईतून समुद्रापार: गिरमिटिया पूर्वजांचा माग ऑनलाइन कागदांत कसा काढावा

मराठवाड्यातल्या वंशावळीत कधीकधी एक फांदी मध्येच तुटलेली दिसते. भाऊ चार, पण वारस तिघांचेच लागलेले. चौथ्याच्या नावापुढे जुन्या कागदात 'परागंदा' किंवा 'बेपत्ता' एवढंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं तर उत्तर येतं, "दुष्काळात गेला, बोटीत बसला म्हणतात." कुठली बोट, कुठलं बंदर, कोणतं साल, काही नाही.

हा चौथा भाऊ मजुरीच्या करारावर, म्हणजे गिरमिटावर, समुद्रापार गेला असेल तर त्याचा कागद असण्याची शक्यता गावात राहिलेल्या तिघांपेक्षा जास्त आहे. ब्रिटिश वसाहतींना मजुराचा हिशोब ठेवावा लागे, म्हणून प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा असं सगळं लिहून घेतलं जाई. यातले बरेच कागद आता घरबसल्या पाहता येतात किंवा मागवता येतात. पण शोधाची सुरुवात एखाद्या वंशावळीच्या संकेतस्थळावर नाव टाकून करू नका. 'रामा' किंवा 'तुकाराम' टाकलंत तर हजार माणसं निघतील आणि त्यातला आपला कोण हे कळणार नाही. परदेशी मार्गदर्शक 'आधी जनगणना पाहा' असं सांगतात, तेही इथे लागू पडत नाही. आपल्याकडे जनगणनेचे घरनिहाय कागद जपलेच गेले नाहीत, फक्त बेरजा उरल्या.

आधी राज्य कोणाचं होतं ते पक्कं करा

सगळ्यात जास्त शोध इथेच फसतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या 'मोगलाई'त, होता. गिरमिटाची पद्धत १८३४ पासून १९१७ पर्यंत चालली, म्हणजे ती सगळीच्या सगळी निजामाच्या काळात येते. भरती करणाऱ्याचा परवाना आणि मजुराची नोंदणी मात्र ब्रिटिश मुलखातली. त्यामुळे परांड्याचा माणूस सोलापुरात किंवा बार्शीत, आष्टी-पाटोद्याचा नगरला, हिंगोलीचा वऱ्हाडात वाशीमला आणि वैजापूरचा मनमाड-नांदगावच्या बाजूला नोंदवला गेलेला असू शकतो. वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, हेही ध्यानात असू द्या.

मजुराच्या स्थलांतर परवान्यावर 'नोंदणीचं ठिकाण' आणि 'मूळ गाव' असे दोन वेगळे रकाने असतात. पण ऑनलाइन निर्देशांक (नावांची सूची) तयार करताना पुष्कळदा एकच रकाना उतरवला जातो. 'सोलापूर' दिसलं म्हणून 'हा आपला नव्हे' असं म्हणून पुढे जाऊ नका, आणि 'हाच आपला' असंही धरू नका. मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय निर्णय करायचा नाही.

धाराशिवकरांसाठी आणखी एक गुंता. १८५३ च्या तहाने धाराशिवचा मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. त्या सात वर्षांत गेलेल्या माणसाचं मूळ ठिकाण ब्रिटिश इलाख्यात दाखवलेलं असू शकतं. पुढे हा जिल्हा बराच काळ 'नळदुर्ग' या नावाने चालला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'उस्मानाबाद' झाला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. जुन्या यादीत 'जिल्हा लातूर' शोधत बसलात तर तो सापडणारच नाही.

घरचे कागद: निघण्यापूर्वी हातात काय हवं

समुद्रापारच्या यादीशी जुळवायला आपल्या बाजूला किमान चार गोष्टी हव्यात: माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात आणि गाव. पाचवी म्हणजे अंदाजे साल. यातल्या दोनच असतील तर जुळणी हा अंदाजच राहील.

बापाचं नाव सांगणारी पिढी आता उरलेली नाही, म्हणून कागदाकडे वळावं लागतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात तहसील, भूमी अभिलेख आणि शाळांमधली जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तो शोध जातीसाठी होता, पण वंशावळ लावणाऱ्या कोणालाही हे आयतं घबाड आहे. त्यात गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हे सगळं तालुका आणि गावनिहाय लावलेलं असतं. जमिनीच्या जुन्या उताऱ्यांसाठी 'आपले अभिलेख' हे राज्य सरकारचं पोर्टल पाहा. सगळे तालुके आणि सगळे कागद तिथे मिळतीलच असं नाही. नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करावा.

यातले बहुतेक कागद विसाव्या शतकातले आहेत. १८७० मध्ये गेलेला माणूस त्यात थेट दिसणार नाही, त्याचे भाऊ आणि पुतणे दिसतील. भावाच्या नोंदीतून बापाचं नाव मिळतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

निजामाच्या काळातल्या कागदांची लिपी पाहून योग्य माणूस गाठा. गावपातळीवरचं जुनं लेखन मोडीत, सरकारी दफ्तर आधी फारशीत आणि साधारण १८८० च्या दशकापासून उर्दूत. नुसता मोडी वाचक घेऊन हैदराबादच्या दफ्तरात गेलात तर उपयोग नाही. निजामाच्या सरकारी दफ्तराचा मोठा भाग हैदराबादच्या तारनाका भागातल्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे.

सालाचं गणित आधीच पाठ करून ठेवा. फसली (निजामाच्या महसुली) सालात ५९० मिळवले की इसवी सन मिळतं. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१ मिळवायचे. फसली १२८६ म्हणजे १८७६-७७, मोठ्या दुष्काळाचं वर्ष. फसली १३०९ म्हणजे १८९९-१९००, छपन्नाचा दुष्काळ. शक साल असेल तर ७८ मिळवा. हिजरी असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, वर्षभराच्या फरकाने उत्तर बरोबर येतं.

कागदाबाहेरची दोन साधनं विसरू नका. लातूर-धाराशिवच्या दक्षिण पट्ट्यात हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळ सांगणारे लोक, येतात. त्यांच्या वह्यांत कुळाच्या पिढ्या असतात आणि 'गाव सोडून गेला' अशी नोंदही कधी मिळते. दुसरं साधन तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, गंगाखेड इथे आपल्या गावाचा उपाध्याय कोण ते विचारा, आडनाव नंतर. चोपड्या गावावर लावलेल्या असतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या 'फॅमिलीसर्च' या मोफत संकेतस्थळावर प्रतिमांच्या रूपात आहेत, पण त्यात मराठवाड्याचं घर सापडणं नशिबाचा भाग.

साल आणि बंदर यांवरून देश ठरवा

'कुठे गेला' हे माहीत नसेल तर 'कधी गेला' यावरून अंदाज बांधता येतो. करारबद्ध मजूर नेणारी मुख्य बंदरं तीन: कलकत्ता, मद्रास, मुंबई.

मुंबईतून मजूर गेले ते मुख्यतः मॉरिशसला, आणि त्यांचा भर १८४० ते १८६० च्या दशकांत. या वाटेने गेलेल्यांत रत्नागिरी आणि घाटमाथ्याचे लोक जास्त, मोगलाईतला माणूस त्यामागे. म्हणून १८७० च्या आधी मुंबईकडे गेलेला माणूस असेल तर पहिला शोध मॉरिशसचा.

१८७१ मध्ये मुंबईची रेल्वे सोलापूरवरून रायचूरला जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाली. त्यानंतर दक्षिण मराठवाड्याच्या माणसाला मद्रास बंदर आवाक्यात आलं. मद्रासहून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मजूर गेले ते १८६० ते १८६६ आणि पुन्हा १८७४ ते १९११. मधली आठ वर्षं भरती बंद होती, म्हणून १८७० ला नाताळला गेला असं कोणी सांगितलं तर साल किंवा देश यातलं एक चुकीचं आहे. फिजीला १८७९ पासून कलकत्त्याहून आणि १९०३ पासून मद्रासहूनही जहाजं गेली, शेवटचं १९१६ मध्ये. औरंगाबाद, जालना, परभणी या बाजूला रेल्वे आली ती १९०० च्या आसपास, आणि तोवर गिरमिटाचा जोर ओसरत आला होता.

त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम इथली जहाजं प्रामुख्याने कलकत्त्याहून सुटली. मराठवाड्यातल्या शोधात या देशांवर सुरुवातीला वेळ घालवू नये. ब्रह्मदेशाला गेलेल्यांचं दुखणं वेगळं: तिथे मुकादमामार्फत मोकळेपणाने जाणं-येणं होई, परवाना नव्हता, म्हणून माणसागणिक यादीही नाही.

गावाचं नाव इंग्रजीत कसं बिघडतं

एक कागद घ्या आणि आपल्या गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची जेवढी इंग्रजी रूपं सुचतील तेवढी लिहून काढा. शोधाच्या चौकटीत तारांकित चिन्ह टाकलं की कितीही अक्षरं आणि प्रश्नचिन्ह टाकलं की एक अक्षर, ही सोय फॅमिलीसर्चवर आहे. तिचा उपयोग या यादीबरोबरच होतो. जुन्या इंग्रजीत बीड 'बीर' आहे, नांदेड 'नांदेर', अंबाजोगाई 'मोमिनाबाद'. जुनी रूपं पाहायला १९०८-०९ च्या इम्पीरियल गॅझेटियरचे खंड ऑनलाइन मोफत आहेत. जिल्ह्याच्या जागी पुष्कळदा गावच नसतं, नुसतं 'निजाम', 'हैदराबाद', 'डेक्कन'. 'मोगलाई' या शब्दाची इंग्रजी रूपंही टाकून पाहा, कारण मुंबई इलाख्यातले लोक निजामाच्या मुलखाला हेच म्हणत.

आता फसवणारी ठिकाणं. कलकत्त्याच्या यादीत 'औरंगाबाद' दिसलं तर उड्या मारू नका. ते जवळजवळ नक्कीच बिहारचं, तेव्हाच्या गया जिल्ह्यातलं औरंगाबाद असतं. नुसतं 'हैदराबाद' सिंधमधलंही असू शकतं. मद्रासच्या यादीत 'उदगीर' वाटणारं गाव नेल्लोर जिल्ह्यातलं उदयगिरी निघतं, आणि उत्तरेकडचं जालौन घाईत वाचलं की जालना दिसतं. पैठण तर कधी गावाच्या रकान्यात 'पठाण' होऊन बसतं आणि निर्देशांक करणारा ते जातीत टाकतो. उपाय एकच: त्या पानावरच्या आजूबाजूच्या दहा-पंधरा नोंदी वाचा. शेजारी सगळे नेल्लोरचे असतील तर आपलं उदगीरही नेल्लोरचंच.

पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, टाकळी ही गावं तर तालुक्यात तीन-तीन असतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावांची तालुकावार यादी मिळते. त्या नावाची सगळी गावं आधी काढून ठेवा आणि प्रत्येकात त्या जातीची, त्या कुळाची वस्ती आहे का ते विचारा.

नाव, बापाचं नाव, जात

आडनाव विसरा. गिरमिटाच्या कागदात ते बहुधा नसतं. माणसाचं एक नाव आणि बापाचं एक नाव, बस. मुंबईकडच्या लेखनात दोघांच्या मध्ये 'बिन' येतं, निजामाच्या कागदांत 'वल्द'. निर्देशांक करणाऱ्याला हे माहीत नसेल तर 'बिन' नावालाच चिकटतं.

समुद्रापार गेल्यावर पहिल्या मजुराचं किंवा त्याच्या बापाचं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव बनतं. म्हणजे मॉरिशसमध्ये आज ज्या घराचं आडनाव सखाराम, त्याचा मूळपुरुष सखाराम नावाचा किंवा सखारामाचा मुलगा असू शकतो. तिकडच्या वंशजाने "आमचं आडनाव अमुक, गावात या आडनावाचं कोण आहे?" असं विचारलं तर उत्तर 'कोणी नाही' येणारच. प्रश्नच चुकलेला असतो.

लिहिणाऱ्याच्या कानावरही लक्ष ठेवा. मद्रासचा लेखनिक तमिळ किंवा तेलुगू कानाने ऐके. तिथे ग आणि क, ब आणि प यांची अदलाबदल सहज होते, बापूचा पापू होतो, रामाला 'रामय्या' किंवा 'रामुडू' असं शेपूट लागतं. मॉरिशसच्या नोंदणीत फ्रेंच वळण आहे, उकारासाठी 'ओयू' आणि चसाठी 'टीसीएच' अशी अक्षरं येतात. ज्ञानोबा, धोंडिबा, विठोबा ही नावं तर प्रत्येक कारकुनाने आपल्या परीने मोडली आहेत. अशा नावांना पूर्ण टाइप करण्यापेक्षा मधला ठसठशीत व्यंजनांचा तुकडा घ्या आणि दोन्ही बाजूंना तारा लावा.

जातीच्या रकान्यात 'मराठा' हा शब्द जात म्हणूनही येतो आणि 'मराठी मुलखातला' अशा ढोबळ अर्थानेही. म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नये. बंजारा समाज मद्रासकडे 'लंबाडी' किंवा 'सुगाळी' म्हणून सापडतो. महार समाजासाठी सरकारी इंग्रजीत 'धेड' हा हेटाळणीचा शब्द सर्रास आहे. नकोसा असला तरी शोधताना टाकून पाहावा लागतो. शिवाय भरतीत नाकारलं जाऊ नये म्हणून काही जण जात बदलून सांगत. बाकी सगळं जुळत असेल तर एकट्या जातीवरून नोंद बाद करू नका.

वयाला पाच-सात वर्षांची सूट द्या. त्यातही २०, २५, ३० असे गोल आकडे जास्त दिसतात.

मॉरिशस

इथे खरी किल्ली म्हणजे स्थलांतरित क्रमांक. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराला तो मिळे. साडेचार लाखांहून जास्त भारतीय या वाटेने आले, आणि क्रमांक चढत्या क्रमाने दिलेले असल्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे नंतरचं आगमन. पुढे त्या माणसाच्या लग्नाच्या, मुलांच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या दाखल्यावर हा क्रमांक लिहिला जाई. म्हणून तिकडच्या नातेवाइकाकडून जुना जन्मदाखला मिळाला तर नावाकडे नंतर बघा, आधी क्रमांक शोधा.

मूळ रजिस्टरं मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नावावरून घरबसल्या सगळं उघडून पाहण्याची सोय तिथे गृहीत धरू नका. शोधाची विनंती पाठवावी लागते. ती इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, एका पानाची असावी. त्यात क्रमांक असल्यास सर्वांत वर. नसेल तर नाव आणि बापाचं नाव प्रत्येकी तीन-चार स्पेलिंगांसह, आगमनाची अंदाजे वर्षं (पाच वर्षांची चौकट, वीस वर्षांची नव्हे), बंदर मुंबई, जात, गाव-तालुका-जिल्हा जुन्या नावांनी, आणि तुमचं नातं. घराण्याची कहाणी लिहू नका, शोधणाऱ्याला तिचा उपयोग नसतो. शुल्क किती आणि कसं भरायचं ते आधी विचारून घ्या.

मिळालेल्या नोंदीत जहाजाचं नाव, तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं ते असतं. मळ्याचं नाव टिपून ठेवा, पुढची पिढी बहुधा त्याच परिसरात सापडते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना छायाचित्र असलेलं तिकीट बाळगावं लागे, त्यामुळे त्या काळानंतर बेटावर राहिलेल्या माणसाचा फोटोसुद्धा मिळू शकतो. गावात राहिलेल्या भावाचा फोटो निघणं अशक्यच, आणि परागंदा झालेल्याचा मात्र समोर येतो!

फॅमिलीसर्चवर मॉरिशस कसं पाहायचं: मोफत खातं उघडा, 'सर्च' मध्ये 'कॅटलॉग' निवडा, 'प्लेस' मध्ये देशाचं नाव टाका. जे दस्त निघतील त्यांच्यापुढे कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. त्यावर किल्ली असेल तर ते पान घरून उघडणार नाही, फॅमिलीसर्चच्या केंद्रात जाऊन पाहावं लागतं. नुसत्या नावाच्या शोधात जे येत नाही ते कॅटलॉगमधून पान-पान उलटून सापडतं. अनुक्रम न लावलेली पुष्कळ रजिस्टरं तिथे पडून असतात.

नाताळ

ऑनलाइन कामासाठी ही सर्वांत सोयीची वसाहत. मद्रासहून निघालेलं 'ट्रूरो' जहाज १६ नोव्हेंबर १८६० ला दरबानला लागलं, तेव्हापासून १९११ पर्यंत १,५२,१८४ मजूर आले. त्यांच्या जहाज-याद्या संगणकावर उतरवलेल्या आहेत. क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाच्या गांधी-लुथुली दस्तऐवज केंद्रामुळे त्या लोकांसमोर आल्या. प्रत्येक नोंदीत वसाहत क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि अंगावरच्या खुणा असे रकाने आहेत.

यादी तक्त्याच्या स्वरूपात मिळाली तर नावाने शोधू नका. आधी जिल्ह्याच्या रकान्यावर गाळणी लावून 'हैदराबाद', 'निजाम', 'सोलापूर' यांची सगळी रूपं वेगळी काढा. मग ठाणं आणि गाव वाचत जा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दीड लाखातून काही शे नोंदी उरल्या की त्या डोळ्यांनी पाहता येतात. आपला माणूस सापडला की त्याच्या क्रमांकाच्या आगेमागे वीस-वीस क्रमांक पाहा. एका गावचे लोक टोळीने निघत आणि त्यांचे क्रमांक लागोपाठ पडत. बायको, भाऊ, मेहुणा तिथेच सापडतो, आणि सोबत्यांपैकी कोणी तुमच्या शिवारातलाच असेल तर जुळणीला जोर येतो.

दुसरी पायरी दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या निर्देशांकाची. त्याचं संक्षिप्त नाव 'नायर्स'. त्यात सर्व अभिलेखागारांचा पर्याय निवडून वसाहत क्रमांक आणि नाव असे दोन वेगळे शोध घ्या. स्थलांतरित खात्याच्या फायली 'आय आय' या खुणेखाली येतात. त्यात तक्रारी, परतीचे अर्ज, घरी पैसे पाठवण्याची पत्रं असतात. इथे फक्त फायलीचं नाव, खंड आणि क्रमांक मिळतो, पान दिसत नाही. तो संदर्भ कळवून नक्कल मागवायची.

फिजी आणि बाकीचे

फिजीला १४ मे १८७९ च्या 'लिओनिडास' जहाजापासून साठ हजारांवर लोक गेले. प्रत्येकाचा स्थलांतर परवाना सुवा इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि तो मागवायला जहाजाचं नाव, साल आणि परवाना क्रमांक लागतो. सुरिनामची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. रियुनियन बेटावर ब्रिटिश भारतातून मजूर गेले ते १८६० च्या करारापासून १८८२ पर्यंत. तिथले जन्म, विवाह, मृत्यूचे नोंदवहीतले जुने कागद फ्रान्सच्या समुद्रपार अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर गाव आणि वर्ष निवडून पानापानाने वाचता येतात. भाषा फ्रेंच, पण नोंदीचा साचा ठरलेला असतो, दहा-वीस शब्द कळले की काम भागतं.

भारताच्या बाजूचे कागद

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल नोंदणी करून वापरता येतं. माणसाचं नाव टाकून इथे क्वचितच काही निघतं, कारण फायलींना विषयाची नावं आहेत. 'एमिग्रेशन' हा शब्द, वसाहतीचं नाव आणि वर्षांची चौकट अशी त्रिसूत्री वापरा. मरण पावलेल्या मजुरांच्या शिल्लक रकमांबद्दलच्या फायली आवर्जून उघडा. वारस शोधण्यासाठी त्यात गाव आणि नातेवाईक लिहिलेले असतात. मुंबई बंदराचा पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहे, त्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं.

गिरमिटिया नव्हे, शिपाई असेल तर

'समुद्रापार गेला' म्हणजे मजूरच, असं नाही. जालना, हिंगोली, मोमिनाबाद, औरंगाबाद इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांखाली चालणाऱ्या फौजेच्या, छावण्या होत्या. १९०३ नंतर त्याच पलटणी 'डेक्कन हॉर्स', ९४ वी आणि ९५ वी रसेल्स इन्फन्ट्री, ९७ वी डेक्कन इन्फन्ट्री अशा नावांनी ओळखल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्स किंवा मेसोपोटेमियात मेलेल्या शिपायाचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत होतो. नावाऐवजी 'अतिरिक्त माहिती' या चौकटीत गाव किंवा जिल्ह्याचं जुनं नाव टाका आणि सैन्य 'भारतीय' निवडा. अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. निकालाचा तक्ता उतरवून घेता येतो. जिवंत परतलेल्याचं नाव मात्र इथे नसणार.

जुळणी पक्की कधी म्हणायची

नाव, बापाचं नाव आणि गाव हे तिन्ही जुळले आणि साल घरच्या सांगण्याशी विसंगत नसेल, तर नोंद 'बहुधा आपलीच' म्हणावी. 'पक्की' म्हणायला आणखी एक स्वतंत्र धागा हवा: जवळचा नातेवाईक या रकान्यात गावच्या वंशावळीतल्या भावाचं नाव, गोंदणाची किंवा जखमेची घरात सांगितली जाणारी खूण, गावाकडे आलेल्या मनिऑर्डरीची आठवण, किंवा त्याच जहाजावरचा गावकरी. दोन उमेदवार सारखेच वाटत असतील तर दोन्ही लिहून ठेवा आणि पुढे जा. एकाला जबरदस्तीने निवडून वंशावळीत बसवलं की तिकडचं अख्खं घर चुकीच्या भावकीला जोडलं जातं, आणि ऑनलाइन झाडांवरून ती चूक दुसरे उतरवत राहतात. दुसऱ्या कोणी लावलेलं झाड पुरावा म्हणून धरू नये, मूळ कागदाकडे जायची वाट म्हणूनच त्याचा उपयोग.

प्रत्येक पानाची प्रतिमा उतरवून घ्या आणि फाइलला देश, साल, जहाज, क्रमांक, नाव या क्रमाने नाव द्या. कुठे शोधलं आणि काही मिळालं नाही, याचीही वेगळी यादी ठेवा, त्यात कोणती स्पेलिंगं वापरली ते लिहा. ती नसेल तर सहा महिन्यांनी तुम्ही तेच रजिस्टर पुन्हा उलटत बसाल.

भावकीशी बोलताना

वंशावळ मागायला गेलात की पहिला संशय जमिनीचा येतो. परदेशातला वारस निघाला म्हणजे तो हिस्सा मागणार, असं लोकांना वाटतं, आणि मग कागद तर सोडाच, नावंही सांगत नाहीत. म्हणून सातबारा, फेरफार यांच्यापासून सुरुवात करू नका. देवक, कुलदैवत, कोणत्या गावाहून इथे आले, सोयरीक कुठे, हे आधी विचारा. मॉरिशसच्या वंशजाला त्याच्या घरात काय टिकलंय ते विचारताना हेच प्रश्न उपयोगी पडतात, कारण तिथेही कुलदैवताचं नाव आडनावापेक्षा जास्त टिकतं.

मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) देण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली, आणि तिकडून गावाची चौकशी करणारे आता येत राहतील. त्यांना ग्रामपंचायतीचं किंवा सरपंचाचं 'हे आमच्याच गावचे' असं पत्र देण्याआधी जहाजाच्या नोंदीची प्रत मागा. पैसे घेऊन हवी तशी वंशावळ लावून देणारे इकडेही आहेत आणि तिकडेही. जिवंत माणसांची नावं, जन्मतारखा, आधारची छायाचित्रं कोणत्याही सार्वजनिक झाडावर चढवू नका. फॅमिलीसर्चवर जिवंत व्यक्ती म्हणून नोंदवलेलं माणूस इतरांना दिसत नाही, पण 'मृत' ही खूण चुकून लागली तर सगळ्यांना दिसतं. तेवढी खूण प्रत्येक नावासाठी तपासून मगच जतन करा.